भिंतीमागचं पाणी

शहराच्या मधोमध जाणाऱ्या जुन्या कालव्याचं काय करायचं, हे सगळं एका बाईच्या अहवालावर येऊन थांबलं होतं, आणि त्या बाईला घरी अजून चिमी म्हणत. वय सत्तेचाळीस. नगरपालिकेत धोकादायक बांधकामांची तपासणी करणारी इंजिनिअर. ऑफिसात ती मॅडम होती आणि लोक तिच्या सहीला वचकून असत. पण कालव्याच्या डाव्या काठावर तिच्या वडिलांनी काढलेला होड्या बांधायचा कारखाना होता. आता तो तिचा थोरला भाऊ चालवत होता. तिथे पाऊल ठेवलं की ती पुन्हा चिमी व्हायची. तिथले जुने सुतार तिच्या साहेबांसमोरसुद्धा तिला याच नावाने हाक मारत, आणि साहेब तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

कालवा दोनशे वर्षांचा होता. दोन्ही काठांना घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली भिंत. डाव्या काठाची सहाशे तीस मीटर भिंत पाडायची, तिथे काँक्रीटची नवी भिंत घालायची, वर चौपदरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे उंच इमारती, असा आराखडा मंजुरीला आला होता. शहराला रस्ता हवा होता यात खोटं काही नव्हतं. काठावरच्या अरुंद गल्लीत वीस वीस मिनिटं अडकून पडलेली रुग्णवाहिका चिमीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि अशी भिंत पुन्हा कोणी बांधणार नाही, यातही खोटं काही नव्हतं. कालवा बचाव समिती तेच सांगत होती. समितीचा अध्यक्ष होता तिचा दादा.

शुक्रवारी सभा होती. भिंत धोकादायक ठरली तर पाडायची, भक्कम ठरली तर ठेवायची, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना चिमीकडून एकच शब्द हवा होता, फक्त प्रत्येकाला वेगळा.

तिने आधीच साहेबांना, म्हणजे मुख्य अभियंत्यांना, लेखी दिलं होतं की, माझ्या सख्ख्या भावाचा कारखाना याच भिंतीवर उभा आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं. त्यांनी तो कागद वाचून घडी घातली.

"उलट बरंच आहे," ते म्हणाले. "बहिणीनेच भिंत धोकादायक म्हटली, तर शंका कोण घेणार?"

मग अहवाल सुटसुटीत हवा, फार फाटे फोडू नका, एवढंही त्यांनी जाता जाता सुचवलं. चिमीने मान डोलावली. ती हो म्हणाली नव्हती, पण साहेबांनी ते हो समजूनच घेतलं.

सोमवारी सकाळी ती मोजणीदाराला घेऊन होडीतून निघाली. मोजणीदार पन्नाशीचा, बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी माणूस. तो वल्ही मारायचा, ओळंबा धरायचा, आकडे लिहायचा. चिमी दर दोन हातांवर दगडावर हातोडी मारत जायची. भरीव दगड टणक बोलतो. मागे पोकळी झाली असेल तर आवाज बसका येतो. पहिल्या दिवशी जवळपास चारशे मीटर झालं आणि बसका आवाज फक्त पाच ठिकाणी आला. चुना जागोजागी झडला होता, सांध्यांतून गवत आलं होतं, पाणी झिरपून दगडांवर हिरवे ओघळ उतरले होते. दिसायला भिंत अगदी कळकट होती, पण तिची पाठ ताठ होती. चिमीला मनातून आनंद होत होता आणि आनंद होतोय म्हणून भीतीही वाटत होती. आपण दादासाठी तर भक्कम ऐकत नाही ना, असं वाटून ती काही दगड पुन्हा पुन्हा वाजवून बघत होती.

मंगळवारी दुपारी ते कारखान्याखाली पोचले.

इथली भिंत सगळ्यांत देखणी होती. तीस मीटर लांबीत एकही गवताचं पातं नाही, एक ओघळ नाही. दोन वर्षांपूर्वी समितीच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी परांचीवर बसून, दोर लावून, इथले सगळे सांधे घासून काढले होते आणि त्यांत सिमेंट भरलं होतं. पट्टीने आखल्यासारख्या करड्या रेघा. काम संपल्यावर दादाने चिमीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हातांची कातडी सोललेली, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. कशी झालीय, त्याने विचारलं होतं.

चुन्याच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि सिमेंटमधून झिरपत नाही, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. चिमीला तेव्हाच कळलं होतं. पण तीन महिने राबलेल्या माणसाला ते कसं सांगायचं? ती म्हणाली होती, "छान झालीय, दादा." आणि त्यानंतर दोन वर्षं मिठाची गुळणी धरून बसली होती.

आता तिने ओळंबा सोडला. वरून खाली सरळ यायला हवी होती ती भिंत मधोमध अकरा सेंटिमीटर पुढे आली होती. गरोदर बाईचं पोट पुढे यावं तशी. हातोडी मारली तर आवाज बसकाही नाही, काहीच नाही, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तिने हाताच्या ड्रिलने पाण्याच्या वर हातभर उंचीवर एका सांध्यात भोक पाडायला घेतलं. कोपरभर आत गेल्यावर ड्रिल मागे ढकललं गेलं आणि पाण्याची धार येऊन मोजणीदाराच्या छातीवर आदळली. दोघं बघत बसले. पाव तास झाला तरी धार कमी होईना. गेल्या महिनाभराचा पाऊस, वरच्या वस्तीचं मुरलेलं पाणी, सगळं मागे कोंडून राहिलं होतं. समोर कालव्याचं पाणी होतं म्हणून भिंत त्याला टेकून उभी होती, इतकंच.

"मॅडम," मोजणीदार दोन दिवसांत पहिल्यांदाच आपणहून बोलला, "ही भिंत नाही राहिली. टाकी झालीय."

तिथे तीन ठिकाणी तडे गेले होते. तिने प्रत्येक तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते.

त्याच संध्याकाळी ती दादाकडे गेली. घर कारखान्याच्या वरच होतं. खाली नऊ टनांची प्रवासी होडी दुरुस्तीसाठी ओंडक्यांवर चढवलेली, तिच्या तळाच्या फटींत सुतार कापूस ठोकून बसवत होते. त्या ठोक्यांनी वरची फरशी बारीक थरथरत होती. आधी हा आवाज तिला आवडायचा.

वहिनीने चहा ठेवला. चिमीने सगळं सरळ सांगितलं. सहाशे मीटर भिंत उत्तम आहे, ती पाडायचं काहीच कारण नाही, आणि मी तसंच लिहिणार आहे. पण तुमच्या खालची तीस मीटर धोक्यात आहे. सांधे बंद झाल्यामुळे पाणी मागे साचलंय. भोकं पाडून ते हळूहळू काढावं लागेल, आणि तोवर पंधरा दिवस कारखाना रिकामा करावा लागेल.

दादाने कप खाली ठेवला. सांधे कोणी बंद केले, हे त्याने विचारलं नाही, त्याची गरज नव्हती.

"म्हणजे भिंत आम्ही बिघडवली," तो म्हणाला.

"तुम्ही प्रेमाने केलंत, दादा."

"चांगलंय. सभेत असंच सांग. ज्यांनी भिंत वाचवली त्यांनीच ती पाडली, असं. त्यांना याहून काय हवं?"

तिने समजावून बघितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं, त्या बोलण्याचं उद्या काय होईल त्यात होतं. आज कारखाना रिकामा केला की उद्या कुंपण पडणार, परवा पाटी लागणार, हे त्याने इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. पंधरा दिवसांसाठी रिकामी केलेली तीन घरं पलीकडच्या गल्लीत पाच वर्षं तशीच बंद होती. तेव्हा तो इथून हलणार नव्हता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "आणि दोन वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं की नाही?"

चिमी उठली. वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आली. तिने चिमीची पर्स तिच्या खांद्यावर नीट केली.

बुधवारी चिमीने अहवाल लिहिला. भिंत ठेवावी. कारखान्याखालचे तीस मीटर ताबडतोब रिकामे करून मागचं पाणी काढावं. आणि ठळक अक्षरांत, वेगळ्या परिच्छेदात: हे काम पुरं होईपर्यंत कालव्यातली पाण्याची पातळी कोणत्याही कारणाने उतरवू नये. साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, आणि हा सुटसुटीत नाही असं म्हणून अहवाल टेबलाच्या खणात ठेवला. बाकीचं शुक्रवारी बघू म्हणाले. ठळक परिच्छेद तिसऱ्या पानावर होता. तो आत्ताच वाचा, असं चिमी दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तोवर त्यांच्या कानाला फोन लागला होता.

गुरुवारी सकाळी साडेआठला ती पुलावरून ऑफिसला निघाली होती. सवयीने खाली नजर गेली. समोरच्या काठाच्या भिंतीवर, पाण्याच्या लगत, जवळपास मीटरभर रुंदीचा ओला काळा पट्टा होता. तो काल नव्हता. काय झालं असणार हे तिच्या लक्षात यायला दोन पावलं लागली आणि तिसऱ्या पावलाला ती थांबली. पाणी उतरत होतं.

तिने साहेबांना फोन लावला. ते बैठकीत होते. पुन्हा लावला. त्यांच्या मदतनीस बाईने सांगितलं की अकरापर्यंत कोणालाही आत सोडायचं नाही. चिमीने निरोप दिला, निरोप लिहून घेतलाय ना हे विचारलं, आणि उलट दिशेने चालायला लागली. चालता चालता तिची पावलं पळायला लागली.

आराखड्यासाठी नेमलेल्या ठेकेदाराचा साइट मॅनेजर पलीकडच्या काठावर पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचा. डोक्यावरचं हेल्मेट तो केबिनमध्येसुद्धा काढत नसे, म्हणून सगळे त्याला हेल्मेट म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याने लगेच फाइल काढून दाखवली. कालव्याच्या तळाची माती तपासायची होती, त्यासाठी पाणी दीड मीटर उतरवायची परवानगी तीन महिन्यांपूर्वीच मिळालेली, तारीख आजची. पहाटे सहाला खालच्या टोकाची झडप उघडली होती.

"थांबवा," चिमी म्हणाली.

त्याने लेखी आदेश मागितला. आदेश मुख्य अभियंत्यांचा लागेल, तुमचा चालणार नाही, हे त्याने शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. नियमाने तो बरोबर होता. इमारत रिकामी करायला लावायचा अधिकार चिमीला होता, झडपेवर तिचा काही अधिकार नव्हता.

झडप तिथून दहा मिनिटांवर. तिथल्या गेटवाल्या काकांनी चिमीला वडिलांचं बोट धरून फिरताना बघितलेलं. ते स्टुलावर बसून पाण्याकडे डोळे लावून होते. चिमीने वहीतलं पान फाडलं. त्यावर लिहिलं: जीविताला तातडीचा धोका असल्याने झडप त्वरित बंद करावी. खाली सही, हुद्दा, तारीख, वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. लिहिताना तिला पक्कं ठाऊक होतं की या हुद्द्याला हा आदेश देता येत नाही.

काकांनी कागद लांब धरून वाचला. "हे तुला लिहिता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि चाकाला हात घातला. "मला कुठे माहीत आहे?" ते म्हणाले.

झडप बंद व्हायला सात मिनिटं लागली. पाणी तोवर सव्वा मीटर उतरलं होतं. वरच्या टोकाने पुन्हा भरायचं म्हटलं तरी पाच-सहा तास जाणार होते. म्हणजे कालव्यातलं पाणी खाली आणि भिंतीमागचं पाणी जिथल्या तिथे. सव्वा मीटरचा आधार निघून गेला होता आणि ढकलणारं पाणी मात्र तेवढंच होतं.

ती कारखान्यापाशी पोचली तेव्हा मोजणीदार आधीच होडी घेऊन खाली हजर होता. तिने फोनवर फक्त ये म्हटलं होतं. त्याने खालूनच दोन बोटं वर केली. तीनपैकी दोन काचा तडकल्या होत्या.

वर दारात दादा उभा. मागे चार सुतार, आणि समितीची सात-आठ माणसं. पाणी उतरलेलं बघून ती जमली होती आणि हा बाहेर काढायचा डाव आहे, असं एकमेकांना सांगत होती. एक निवृत्त शिक्षिका उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. चिमीने रिकामं करायची नोटीस वाचून दाखवली. कोणी हललं नाही. शिक्षिकाबाईंनी विचारलं की, हे आजच कसं सुचलं, सभेच्या आदल्या दिवशी?

चिमीने वाद घातला नाही. ती दादाकडे वळली.

"दादा, मला शिव्या दे, पण माझ्याबरोबर खाली चल. दोन मिनिटं."

काठावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या भिंतीच्या धोक्याच्या भागापासून लांब, दुसऱ्या टोकाला होत्या. दादा आला. तो यायचं नाकारेल असं तिला वाटलं होतं. पायऱ्यांवरून ती दोघं भिंतीकडे बघत उभी राहिली. पाणी उतरल्याने एरवी बुडालेला भाग उघडा पडला होता, आणि आता फुगवटा डोळ्यांनी सरळ दिसत होता. एका करड्या रेघेतून सिमेंटची लांब कपची सुटून पाण्यात पडली. त्या जागेतून पाण्याची पातळ पत्र्यासारखी धार बाहेर आली.

दादा आयुष्यभर होड्या बांधत आला होता. पाणी कुठे जोर लावतं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने त्या धारेपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत नजर फिरवली. 

"होडीला फट राहू द्यायची नाही, एवढंच मला येतं," तो म्हणाला. "तेच मी इथेही केलं."

मग तो वर गेला आणि तिने लहानपणापासून ऐकलेल्या त्याच्या कामाच्या आवाजात त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. कोणाचं काही ऐकून घेतलं नाही. शिक्षिकाबाईंना खुर्चीसकट दोघा सुतारांनी उचलून गल्लीत नेलं. वहिनी कागदपत्रांची पेटी आणि सासऱ्यांचा फोटो घेऊन उतरली. गल्लीच्या दोन्ही टोकांना दोर बांधला गेला. दहा वाजून गेले होते.

एवढ्यावर चिमीचं काम संपलं होतं. माणसं बाहेर होती. पण दादा हातोडी आणि फटी उकरायची लोखंडी पट्टी घेऊन पायऱ्यांकडे निघाला.

"तीस मीटर गेली तर जाऊ दे," तो म्हणाला. "पण ती एकटी जाणार नाही. बाजूचीही ओढून नेणार. सभेत मग काय ठेवायचं म्हणणार आहेस?"

याचा विचार तिने पुलावरच केला होता, पण बोलून दाखवला नव्हता. फुगवट्याच्या दोन्ही कडांना पाण्याला वाट करून दिली, तर मागचा जोर उतरला असता आणि कोसळणं तिथेच थांबलं असतं. कदाचित. खात्री कोणीच देऊ शकत नव्हतं. तिने त्याला अडवलं, मग अट घातली. फुगवट्याच्या समोर जायचं नाही. फक्त कडेला, आणि होडीतूनच. मी म्हणेन तेव्हा सगळं टाकून निघायचं. आणि पाणी कसं येतंय हे मी बघणार.

"कसं म्हणजे?"

"स्वच्छ आलं तर चांगलं. गढूळ आलं तर माती निघतेय. म्हणजे वेळ संपली."

मोजणीदार वल्ह्यावर बसला. त्याला नको म्हटलं तर त्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं. फुगवट्याच्या एका कडेला दादाने पहिला सांधा फोडला. त्यानेच भरलेलं सिमेंट होतं आणि ते चांगलं भरलेलं होतं, सहज निघेना. तो घाव घालत होता आणि दर घावाला चिमीची नजर भिंतीच्या माथ्याकडे जात होती. पहिली धार आली, स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिच्या अंगावरचे कपडे भिजून गार झाले होते. तासाभरात त्या कडेला अकरा भोकं झाली आणि धारांचा आवाज इतका झाला की बोलायला ओरडावं लागत होतं. मग ते लांबून वळसा घेऊन दुसऱ्या कडेला गेले. तिथे सात झाली. दादाचा श्वास भात्यासारखा चालला होता. त्याचं वय तेव्हा छप्पन्न. चिमीने पट्टी हातात घेतली आणि आठवं भोक स्वतः पाडलं.

त्यातून चहासारखं पाणी आलं.

तिने एक क्षणभर ते पाहिलं. ते आपोआप निवळेल अशी वेडी आशा तिला वाटली. मग ती म्हणाली, "चला."

मोजणीदाराने एकदम होडी मागे खेचली. दादाची हातोडी भिंतीच्या खाचेत राहिली होती, ती घ्यायला त्याने हात पुढे केला, चिमीने त्याचा सदरा मागून पकडून त्याला खाली बसवलं. होडी कालव्याच्या मध्याच्या थोडी पलीकडे गेली असेल. भिंतीचा मधला भाग आधी नुसता खाली बसला, थकलेला माणूस बसतो तसा. मग दगड एकावर एक सुटे झाले. मागची ओली माती सगळी मिळून पुढे आली आणि तिच्याबरोबर कारखान्याची अर्धी जमीन, आणि ओंडक्यांवरून घसरत ती नऊ टनांची होडी. लाटेने त्यांची लहान होडी उचलून पलीकडच्या भिंतीला आपटली. मोजणीदाराचं मनगट मुरगळलं. बाकी कोणाला काही झालं नाही.

धूळ बसल्यावर चिमीने मोजलं. एकोणीस मीटर गेली होती. दोन्ही कडा, जिथे भोकं पाडली होती तिथपर्यंत, उभ्या होत्या आणि त्यांतून पाणी वाहत होतं. भोकांमुळे त्या वाचल्या की त्या तशाही वाचल्या असत्या, हे तिला पुढे कधीच ठामपणे सांगता आलं नाही. दादा गल्लीच्या कडेला जमिनीवर बसला होता. वरच्या घराची भिंत फाटून आतला पलंग रस्त्यावरून दिसत होता, आणि वहिनी त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

शुक्रवारची सभा झालीच. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं होतं. बघा, भिंत पडली, असं एक बाजू म्हणत होती. बघा, तुम्ही पाडलीत, असं दुसरी. साहेबांनी तोवर अहवालाचं तिसरं पान वाचलं होतं. त्यांनी चिमीला बाजूला घेऊन सांगितलं की, विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्या.

तिला विचारलं, भिंत का पडली.

तिने तीन कारणं सांगितली. पाणी उतरवू नये असं लिहिलेला अहवाल एक दिवस खणात पडून राहिला. त्या तीस मीटरचे सांधे समितीने सिमेंटने बंद केले होते. तिसरं सांगायच्या आधी ती पाणी प्यायली. सभागृहाच्या मागच्या रांगेत दादा बसलेला तिला दिसत होता.

"ते सिमेंट मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं," ती म्हणाली. "ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. माझ्या भावाने ते केलं होतं, म्हणून मी बोलले नाही. उरलेली सहाशे अकरा मीटर भक्कम आहे. आता मी कोणाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीये, तेव्हा एवढं तरी धरून चाला."

 दादा उठून बाहेर गेला.

निर्णय व्हायला आणखी दोन सभा लागल्या. भिंत राहिली. रस्ता चौपदरीऐवजी दुपदरी झाला, शिवाय रुग्णवाहिकेसाठी एक मोकळी पट्टी. इमारती मागे सरकल्या, त्यांचे दोन मजले कमी झाले. पडलेला भाग तेच दगड काढून, चुन्यातच, मागे पाणी जायला खडीचा थर देऊन बांधायचं ठरलं. पण कारखाना तिथे पुन्हा होणार नव्हता. भिंतीवर एवढं वजन नको, असं तज्ज्ञांनी लिहिलं, आणि चिमीला विचारलं असतं तर तिनेही तेच लिहिलं असतं. दादाला कालव्याच्या वरच्या टोकाला जागा मिळाली, पत्र्याची, निम्मी. साहेबांची चौकशी झाली, तशी चिमीचीही. अधिकार नसताना आदेश दिल्याबद्दल तिला वर्षभरासाठी तपासणीवरून काढून नकाशांच्या विभागात बसवलं. गेटवाल्या काकांनी चौकशीत सांगितलं की, माझ्याकडे वाचायचा चष्मा नव्हता.

चार महिने दादा तिच्याशी बोलला नाही. वहिनीचे फोन यायचे, त्यात त्याचा विषय नसायचा. चिमी नव्या जागेपर्यंत एकदा जाऊन आली, बाहेरूनच. आत ठोक्यांचा आवाज येत होता. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परतली.

मग नवी भिंत पुरी झाली. तिच्यात पाणी झिरपायला सव्वीस जागा ठेवल्या होत्या. त्यांच्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं होतं, आणि समितीच्या वतीने ते काम दादाने आपणहून घेतलं, असं चिमीला मोजणीदाराकडून कळलं. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सव्वासातला तिचा फोन वाजला.

"चोवीस चालू आहेत," दादा म्हणाला. "दोन बंद. सतरावी आणि एकविसावी."

तिने उशापासची पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. "काठीने मोकळ्या करून बघ. कोरड्या असतील तर असू दे."

"पाणी स्वच्छ आहे."

"बरं."

तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. त्याने फोन ठेवला. पण मंगळवारी पुन्हा आला, आणि बुधवारी. सतरावी सुरू झाली. एकविसावी अजून बंदच होती.

शनिवारी आकडे सांगून झाल्यावर तो घुटमळला. "नव्या जागेची मागची भिंत ओली होतेय," तो म्हणाला. "सुतार म्हणतात सिमेंट मारून टाकू."

"नको."

"तेच मी म्हटलं त्यांना. म्हटलं, आधी विचारू." पलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज आला. "आणि या वेळी खरं सांग म्हणजे झालं."

चिमी उठून बसली. मी तासाभरात येते, असं तिने सांगितलं आणि ती चपला शोधायला लागली.